छत्तीस तास आणि एक सही

ताई, नमस्कार.

आम्ही अठरा वर्षं मेरीलँडमध्ये आहोत, जर्मनटाउनला. मुलगा यंदा अकरावीत गेला. इथे हायस्कूलचा डिप्लोमा हातात पडायचा तर मार्कांबरोबर ७५ तासांची समाजसेवा दाखवावी लागते. सगळे तिला ‘एसएसएल’ (स्टुडंट सर्व्हिस लर्निंग) म्हणतात. त्याचे ३९ तास झालेत, त्यातले बरेचसे मिडल स्कूलमध्ये वर्गात बसल्या बसल्याच मिळालेले. उरलेल्या ३६ तासांवरून घरात रोज वाद. नवरा म्हणतो, ‘सेवा कधी सक्तीची असते का? ही तर वेठबिगारी!’ सासूबाई उन्हाळ्यात इथे होत्या, त्यांचं मनगट मोडलं. दीड महिना मुलाने त्यांचं सगळं केलं, अगदी वेणीसुद्धा घातली. त्या विचारतात, ‘माझी सेवा केली ती नाही का धरत?’ मंडळातले एक काका म्हणाले, ‘वहिनी, कशाला टेन्शन घेता? गणपतीत पोराने पानं वाढली ना? आणा फॉर्म, छत्तीसच्या छत्तीस तासांवर सही करतो.’ पानं त्याने चार तास वाढली. मुलगा म्हणतो, ‘आई, घे ना सही, सगळेच घेतात.’ एरवी तो गॅरेजमध्ये सायकली उघडून बसलेला असतो, माणसांत फारसा मिसळत नाही. मी काय करू?

— एक आई

*

उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको. सही घेऊ नका.

का, हे सांगायला मी हरिश्चंद्राची गोष्ट काढणार नाही. तो अधिकार मला नाही, कारण खोटे तास मीही भरलेत. कॉलेजात मी एनएसएसमध्ये होते. राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झालेली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर. खरं सांगायचं तर आम्ही गेलो होतो दहा मार्कांसाठी. तासांची नोंद करायला एक दैनंदिनी मिळायची आणि ती आम्ही वर्षभर उघडायचो नाही. मग तपासणीच्या आदल्या रात्री होस्टेलच्या खोलीत पाच जणी गोल करून बसलो, मध्ये फरसाणाचा कागद, दोन निळी पेनं आणि एक काळं. शाई बदलली की दिवस बदलल्यासारखा दिसतो, ही अक्कल आदल्या बॅचने दिलेली. ‘श्रमदान – ३ तास’, ‘साक्षरता फेरी – २ तास’. एकीने घाईघाईत भर मे महिन्यात वृक्षारोपण लिहिलं. सरांनी तेही तपासलं आणि सही केली.

शिबिर मात्र खरं झालं. गावाच्या शाळेत मुक्काम, सकाळी प्रभातफेरी, दुपारी खोदकाम. आम्ही सांडपाणी जमिनीत जिरवायचे अकरा शोषखड्डे खणले. खाली दगडगोटे, वर विटांचे तुकडे, त्यावर वाळू, मध्ये भोकं पाडलेलं मडकं. सगळं अगदी पुस्तकात दाखवल्याप्रमाणे. हाताला फोड आले, फोटो निघाले. चौथ्या दिवशी एक म्हातारी कडेला येऊन उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘पोरींनो, सांडायला आधी पाणी लागतं गं.’ त्या गावाला टँकर यायचा. हंडाभर पाण्यात भांडी घासायची आणि तेच पाणी परसातल्या वांग्यांना घालायचं, अशी तिथली रीत. सांडपाणी नावाचा प्रकारच नव्हता. गावाला काय हवंय हे आम्हाला कोणी विचारायला लावलं नव्हतं, आणि आम्हालाही ते सुचलं नव्हतं.

आज त्या दोन वर्षांच्या सेवेतलं मला एवढंच आठवतं: ती म्हातारी आणि तिचं वाक्य. दैनंदिनीतला एकही तास आठवत नाही, आठवणार तरी काय? खोटी सही घेतली तर तुमच्या मुलाच्या हाती हेच पडेल, आणि त्याला तर म्हातारीही भेटणार नाही.

दुसरी गोष्ट अगदी व्यवहाराची. मेरीलँडच्या नियमात सेवेचे तीन भाग मानलेत: आधी तयारी, मग प्रत्यक्ष काम, मग त्यावर विचार. हा तिसरा भाग मुलाने स्वतः लिहून द्यायचा असतो. म्हणजे काका सही करून मोकळे होतील, पण न केलेल्या बत्तीस तासांतून आपण काय शिकलो हे चिरंजीवांना स्वतःच्या अक्षरात लिहावं लागेल, वर स्वतःचं नावही घालावं लागेल. सोळाव्या वर्षी आईच्या संमतीने, टेबलावर बसून. ते मला बरं वाटत नाही. आणि पकडला गेला तर काका शाळेत जाणार नाहीत, तुम्हाला जावं लागेल.

आता तुमच्या यजमानांकडे वळते. त्यांना सांगा, तुमचा मुद्दा नवा नाही आणि खुळचटही नाही. अमेरिकेत तो थेट कोर्टात गेलाय. पेन्सिल्व्हेनियातल्या बेथलहेमच्या शाळांनी ६० तासांची अट घातली, तेव्हा काही पालक आणि मुलं हेच म्हणत कोर्टात गेली की गुलामगिरी आणि वेठबिगार बंद करणाऱ्या १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीचा हा भंग आहे. १९९३ मध्ये अपील कोर्टाने त्यांचं म्हणणं फेटाळलं. पुढे नॉर्थ कॅरोलायनातल्या चॅपल हिलची ५० तासांची अट आणि न्यूयॉर्क राज्यातल्या राय नेकची ४० तासांची अट, दोन्हींवर खटले झाले. १९९६ मध्ये दोन्हीकडे निकाल शाळांच्या बाजूने लागला. मेरीलँडने तर १९९२ मध्येच साऱ्या राज्यासाठी ही अट ठरवली होती. असं करणारं देशातलं ते पहिलं राज्य, आणि १९९७ ला बाहेर पडलेली मुलं ही या अटीची पहिली तुकडी. तेव्हा लढाई जुनी आहे आणि तिचा निकाल लागलेला आहे. आपल्याकडेही राज्यघटनेचं कलम २३ वेठबिगारीला बंदी घालतं, पण त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो की सार्वजनिक कामासाठी सरकार सक्तीची सेवा लावू शकतं, फक्त ती लावताना धर्म, वंश, जात, वर्ग असा भेद करायचा नाही.

आणि एक सांगते, रागावू नका. ‘वेठबिगार’ हा शब्द मराठी माणसाने जरा जपून वापरावा. महार वतनातल्या माणसाला रात्री-अपरात्री हाक आली की उठून जावं लागे. सरकारी कागद पोचवायचे, साहेबाचं सामान वाहायचं, आणि नाही म्हणायची सोय नाही. बदल्यात वतनाचा तुकडा आणि दारोदार मागून आणलेलं बलुतं. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं ते यासाठी, आणि ती वतनं कायद्याने संपायला पुढे १९५८ साल उजाडलं. त्या माणसाला काम निवडता येत नव्हतं, वार निवडता येत नव्हता. तुमच्या लेकाला दोन्ही निवडता येतंय, आणि निवडायला सहावी ते बारावी अशी सात वर्षं मिळालेली आहेत.

पण त्यांचं अर्धं म्हणणं मला पटतं, तेही लिहिते. सक्तीने माणूस सेवाभावी होतो का? मेरीलँडच्या या अटीवर २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की अट आल्यावर आठवीतल्या मुलांचं स्वयंसेवेचं प्रमाण वाढलं, पण बारावीतल्यांचं उलट कमी झालं. मला याचं नवल वाटत नाही. गृहपाठासारखे तास लवकर उरकले, वही मिटली, विषय संपला. वर्गात बसल्या बसल्या मिळालेले तुमच्या मुलाचे तास त्यातलेच. कशाबद्दल मिळाले ते त्याला विचारून बघा. आठवत असेल तर मला कळवा.

म्हणून हे ३६ तास महत्त्वाचे. ७५ भरतात म्हणून नाही म्हणत मी. कुठे जायचं हे ठरवायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदा याच तासांत येणार आहे.

सासूबाईंचा प्रश्न मला या पत्रात सगळ्यांत आवडला. नाही, ती सेवा धरत नाहीत. घरच्यांसाठी केलेलं काम, पैसे घेऊन केलेलं काम, धर्मप्रचार, हे सगळं बाहेर. ते योग्यच आहे, नाहीतर निम्म्या मेरीलँडने कचरा बाहेर ठेवल्याचे तास लावले असते. पण सोळा वर्षांचा मुलगा यूट्यूबवर बघून आजीच्या पातळ झालेल्या केसांची वेणी घालायला शिकतो (यूट्यूब हा माझा अंदाज, पण खात्रीचा), एका हाताने तिला चहाची बशी धरता येत नाही म्हणून कप अर्धाच भरतो, तो माणसांत मिसळत नाही असं तुम्ही लिहिता तेव्हा मला हसू येतं. गर्दीत मिसळत नाही म्हणा हवं तर. आजीला फोनवर सांगा: शाळेने नाही धरली, आम्ही धरली. ती पुढचे चार महिने नातलगांना हेच सांगत फिरेल.

मंडळाच्या काकांना कसं नाही म्हणायचं, हा तुमचा खरा घोर असणार. परदेशात मंडळ म्हणजे अर्धं माहेर, तिथे वाकडेपणा कोणाला परवडतो? सरळ म्हणा, ‘दादा, सही तुमचीच हवी, पण जेवढं केलं तेवढ्यावरच.’ ते चार तासही शाळेत विचारल्याशिवाय लिहू नका. काम धर्मनिरपेक्ष असावं, संस्था करमुक्त ना-नफा म्हणून नोंदलेली असावी आणि समाजाची खरी गरज भागावी, असं बघितलं जातं. गणपतीला आलेल्या आपल्याच लोकांना मसालेभात वाढणं त्यात बसेल की नाही, हे शाळेतला एसएसएल समन्वयक सांगेल. आणि काकांना खरंच मदत करायची असेल तर मंडळातल्या पाच-सहा पोरांना घेऊन दिवाळीच्या आधी गरजूंना अन्न वाटणाऱ्या एखाद्या केंद्रासाठी अन्नसंकलन करायला लावा. मात्र आधी फोन करून तिथे काय हवंय ते विचारायचं. एका ठिकाणी आपल्याच लोकांनी मोठ्या भक्तीने पोतंभर तूरडाळ नेऊन दिलेली मला माहीत आहे. तिथल्या बाईंनी हसून ठेवून घेतली. त्यांना हवे होते कमी मिठाचे डबाबंद भाज्या-टोमॅटो आणि पीनट बटर. डाळीला फोडणी कशी घालायची हे घेऊन जाणाऱ्याला कोण सांगणार? शोषखड्ड्यांचीच गोष्ट ही, फक्त साता समुद्रापलीकडची.

आता लेक. छत्तीस तास म्हणजे दर शनिवारी तीन तास धरले तर बारा शनिवार. फार नाहीत. माझा आग्रह एवढाच की बाराही शनिवार एकाच जागी जावेत. चार तास नदीकाठी, पाच तास वाचनालयात, तीन तास कुठल्या मॅरेथॉनला पाण्याचे पेले धरायला, असं ठिगळकाम करून ७५ भरतात, मुलाला मात्र कुठेच कोणी नावाने ओळखत नाही. तिसऱ्या शनिवारी त्याला कुणीतरी ‘आलास का?’ म्हणायला हवं. पाचव्या शनिवारी तो गेला नाही तर कुणाचं तरी अडायला हवं.

जागा त्याच्या हातातच आहे असं मला दिसतं. जुन्या सायकली गोळा करून, आवळून, कंटेनरमध्ये भरून आफ्रिकेत आणि लॅटिन अमेरिकेत पाठवण्याचं काम वॉशिंग्टनच्या आसपास चालतं, शाळकरी मुलं त्यात हात लावतात. काम काय? पेडल काढायची, ती सायकललाच बांधून ठेवायची, हँडल वळवून फ्रेमच्या रेषेत आणायचं, म्हणजे एका कंटेनरमध्ये जास्त सायकली मावतात. बोलावं लागत नाही. शेजारी एक निवृत्त गृहस्थ उभे असतात, पलीकडे दुसऱ्या शाळेतली मुलगी, हातात पाना असला की बोलणं आपोआप निघतं. भिडस्त मुलाला मुद्दाम लोकांत ढकलण्यापेक्षा हे बरं. सायकल मिळाल्याने काय होतं हे त्याला आफ्रिकेपर्यंत जाऊन समजून घ्यायला नको. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देतात, शाळा लांब म्हणून घरी बसू नयेत यासाठी. सासूबाईंच्या ओळखीत अशी एखादी मुलगी निघेल. तिच्याशी दहा मिनिटं फोनवर बोलला तर नियमातली ‘तयारी’ म्हणतात ती झाली.

त्याला सायकली नकोच असतील तर गेथर्सबर्गला गरजूंना अन्न वाटणारं मॅना फूड सेंटर आहे, एप्रिलमध्ये पोटोमॅकच्या काठांची सफाई असते, गटारांच्या झाकणांशेजारी ‘हे पाणी चेसापीक उपसागरात जातं’ असं रंगवायचं काम असतं. यादी शाळेकडे मिळेल. पण यादी तुम्ही वाचू नका. फोनही तुम्ही करू नका. इमेल त्याने लिहायची, उत्तर आलं नाही तर दुसऱ्यांदा त्यानेच लिहायची. तुम्ही फक्त गाडी चालवायची आणि पार्किंगमध्ये बसून राहायचं. आत डोकवायचं नाही. हे सांगणं सोपं आहे, माहीत आहे मला.

दोन कामं मात्र या आठवड्यातच करून घ्या. एक, त्याचे ३९ तास शाळेच्या नोंदीत ३९ च दिसतायत ना हे त्याला समुपदेशकाकडून बघून यायला सांगा. वर्षाचे फॉर्म ठरल्या तारखेच्या आत दिले नाहीत तर तास बुडतात, आणि ते बारावीच्या मेमध्ये कळलं तर धावाधाव होते. दोन, काम सुरू करायच्या आधी ती संस्था शाळेला चालते का, हे विचारून घ्यायचं. आधी छत्तीस तास करून मग विचारणारे दरवर्षी निघतात.

राहता राहिला तो शेवटचा विचार-बिचार लिहायचा भाग. मुलं तिथे एकच वाक्य लिहितात: इतरांना मदत केल्याने आनंद मिळतो. मी शिक्षक असते तर या वाक्यावर लाल काट मारली असती. शनिवारी रात्री जेवताना ‘काय शिकलास?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘काही नाही’ हेच येतं. ‘आज काय बिघडलं?’ असं विचारा. मग भाजी वाढा आणि गप्प बसा. यजमानांनाही गप्प बसवा. कुठला नट गंजून बसला होता, कोणी तेल ओतायला सांगितलं, कोणाची पहिली सायकल कशी होती, हे ताटावर बसून निघालं तर त्यातलं काही बारा शनिवारांनी कागदावरही येईल. नाही आलं तर नाही. तासांवर सही होईलच, खरीच होईल.

आणि हो, सायकलच्या डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, उजव्यासारखा पाना फिरवला की ते सुटायच्या ऐवजी घट्ट बसतं. गॅरेजमध्ये इतक्या सायकली उघडल्यात म्हणता, तर त्याला हे माहीत असणार. शेजारच्या नवख्या मुलाला नसेल. ते त्याने सांगितलं का, एवढं मला पहिल्या शनिवारनंतर नक्की कळवा.